अर्धं पान चालणार नाही

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात तोंडी सांगितलेली एकही गोष्ट केलेली नाही. हे मी जावई या नात्याने कौतुकाने सांगतो आहे की तक्रारीने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भातसानगरच्या कॉलनीत राहून त्यांनी एकतीस वर्षं धरणाच्या दरवाजांवर नोकरी केली. तिथली शिस्त अशी की दरवाजा बोटभर जरी उचलायचा असला तरी वरून लेखी आदेश यायला हवा, तो रजिस्टरला चिकटवायला हवा, आधीची आणि नंतरची पातळी लिहायला हवी आणि खाली सही ठोकायला हवी. खाली गावं असतात, माणसं झोपलेली असतात, तेव्हा ही शिस्त योग्यच म्हणायची. पण बाकीची माणसं निवृत्त झाली की क्वार्टरच्या किल्लीबरोबर शिस्तही परत करतात. मामांनी फक्त किल्ली परत केली. शिस्त घेऊन ते शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या आपल्या गावी राहायला आले आणि धरणाऐवजी घर चालवू लागले.

आमच्या साखरपुड्याला ते आले नाहीत, कारण बोलावणं फोनवरून गेलं होतं. लग्नाला मात्र सकाळी सातलाच मांडवात हजर, हातात पत्रिका, आणि पत्रिकेत छापलेला मुहूर्त गुरुजींनी चार मिनिटांनी चुकवला म्हणून दिवसभर नाराज. मामी बिचारी दहा वर्षं त्यांना तेलकट खाऊ नका म्हणून सांगत होती. शहापूरच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "लिहून द्या." डॉक्टरांनी लिहून दिलं. मामांनी तो कागद घरी आणून चिकटवला आणि त्या दिवशी कढईतून नुकतीच उतरलेली भजी शेजारच्यांकडे गेली ती गेलीच. तेव्हापासून मामी शहाणी झाली. बाजारातून काही आणायचं असलं की ती चिठ्ठी लिहिते, "कोथिंबीर एक जुडी, मीठ एक पुडी", खाली सही करते, आणि मामा चकार शब्द न काढता पिशवी उचलतात.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी होतं ते घरचं रजिस्टर. लाल कापडी पाठीचं, जाडजूड, दर वर्षी शहापुरातून नवं. सकाळी उठल्याबरोबर गच्चीवरच्या टाकीची पातळी, हवा कशी आहे, कोण आलं, कोण गेलं, कशासाठी. आलेल्या माणसाने सही करायची. मी नवा जावई म्हणून पहिल्यांदा गेलो तेव्हा मामी आरतीचं तबक घेऊन उभी आणि मामा वही घेऊन. "येण्याचं कारण?" त्यांनी विचारलं. मी गडबडून म्हणालो, "सहज." त्यांनी लिहिलं, "कारण : सहज (तोंडी)", आणि पेन माझ्या हातात दिलं. मग ओवाळणी झाली. जेवताना त्यांनी मला रजिस्टरचे तीन नियम समजावले. घडण्याआधी लिहायचं नाही. लिहिलेलं खोडायचं नाही. पान फाडायचं नाही. "हे तीन पाळले, जावईबापू, तर माणसाला कोण हात लावीत नाय," असं ते म्हणाले आणि मी मनातल्या मनात हसलो, हे कबूल करतो.

हात लागला तो एका जानेवारीत. मामांच्या शेताला लागून असलेला माळ शहरातल्या कुणीतरी फार्महाऊससाठी घेतला होता आणि त्याची सरकारी मोजणी व्हायची होती. दोन्हींच्या मधल्या बांधावरून वरच्या पाड्यातल्या बायका विहिरीवर जातात, ती वाट पूर्वापार चालत आलेली. मोजणीच्या खुणा त्या वाटेवरच पडणार अशी गावात कुणकुण होती. मोजणीच्या आधी लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस पाठवतात. मामांनाही आली होती, पण त्यांनी ती पोस्टमनला परत केली. का, तर तारखेवर खाडाखोड होती आणि खाडाखोडीपाशी कुणाची सही नव्हती. सरकारदरबारी 'नोटीस नाकारली' अशी नोंद पडली आणि मामांच्या हिशेबी नोटीस आलीच नव्हती. अशा रीतीने दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर राहून एकमेकांसमोर उभ्या राहिल्या.

त्या दिवशी मी वालाच्या शेंगा न्यायला वाशिंदहून सकाळच्या गाडीने गेलो होतो. मी पोहोचायच्या आधीच बांधावर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मोजणीदार, एक तरणा पोरगेला माणूस, काठी रोवू लागला. मामांनी नोटीस मागितली. तो म्हणाला, तुम्हीच नाकारलीत. शब्दाला शब्द वाढला, मामांनी त्याच्या हातातली काठी ओढली, त्याचा पाय बांधावरून सरकला आणि तो वालाच्या वाफ्यात जाऊन पडला. मामांनीच त्याला उचललं, घरी आणलं, मामीने खरचटलेल्या गुडघ्याला हळद लावली. तो मुकाट्याने चहा पिऊन गेला, आणि ऑफिसात गेल्यावर त्याच्या वरिष्ठांनी त्याच्याकडून तक्रार लिहून घेतली. सरकारी कामात अडथळा, कर्मचाऱ्यावर बळाचा वापर. इकडे मामांनी हातपाय धुवायच्या आधी रजिस्टर उघडून लिहिलं होतं, "९.४०. मोजणीदाराची काठी मी ओढली. तो पडला. मी उचलला. हळद लावली." खाली सही.

दुपारी आम्ही पानावर बसलो होतो तेव्हा जवळच्या ठाण्यातले हवालदार आणि एक शिपाई अंगणात आले. हवालदार ओळखीचे होते.

"मामा, चला. सायबांनी आणायला सांगितलंय. अटक हाय."

"वॉरंट दावा," मामा घास गिळून म्हणाले.

"ह्या कलमाला वॉरंट नाय लागत."

"मग काय लागतं?"

"काय नाय लागत. उठा."

हवालदारांचं वॉरंटबद्दलचं उत्तर बरोबर होतं आणि 'काय नाय लागत' हे साफ चूक, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या क्षणी मामांना एवढंच दिसत होतं की दोन माणसं आदेशाशिवाय दरवाजा उचलायला आली आहेत. ते उठले, हात धुतले आणि रजिस्टर घेऊन आले. "आल्याची नोंद करा. कशासाठी आलात ते लिवा. कागद नाय आणला, तेबी लिवा." हवालदार आधी चिडले, मग हसले. त्यांनाही जेवायचं होतं. मामा सही झाल्याशिवाय हलणार नाहीत हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं, तेव्हा भांडण्यापेक्षा सही सोपी असा त्यांनी विचार केला असावा. त्यांनी लिहिलं, "१.५०. अटक करून नेले. कागद नाही," आणि झोकदार सही केली. मामांनी चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या खिशात टाकल्या आणि सत्काराला निघाल्यासारखे जीपमध्ये बसले. जाता जाता मला म्हणाले, "घाबरू नका. वॉरंट नाय म्हंजे अटक नाय. अटक नाय म्हंजे केस नाय. खलास." मामी दारात उभी होती. तिने अर्धं राहिलेलं ताट झाकून ठेवलं आणि ते संध्याकाळपर्यंत उचललं नाही.

वकील म्हणून आम्ही जिला गाठलं ती शहापुरातच वकिली करते. तिचे वडील धरणाच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळे तिचं लहानपण त्याच कॉलनीत गेलं. आठ वर्षांची असताना तिने मामांना दरवाजे दाखवा म्हणून हट्ट धरला होता, तेव्हा मामांनी तिलाही अर्ज लिहायला लावला होता. "माझा आयुष्यातला पहिला अर्ज काकांनी मंजूर केला," असं ती सांगते. दुसऱ्या दिवशी मामांना कोर्टापुढे उभं केलं तेव्हा तिने फार बोलणं केलं नाही. शिक्षा थोडक्या वर्षांची असलेल्या अशा गुन्ह्यात आधी हजर राहण्याची नोटीस द्यायला हवी, अटक करायचीच तर तिची कारणं लेखी द्यायला हवीत. यातलं काय दिलं, एवढंच तिने विचारलं. पोलिसांकडे दाखवायला काहीच नव्हतं. मामा तासाभरात जातमुचलक्यावर सुटले. बाहेर पायरीवर चपला घालताना त्यांनी विचारलं, "संपली ना केस?"

"नाही काका. अटक चुकली. केस आहे तिथंच आहे."

"असं कसं? वॉरंट नव्हतं."

"वॉरंट लागतच नव्हतं. तुम्ही चुकीचा कागद मागितलात."

एकतीस वर्षं कागदांत घालवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, आणि तेही जिला त्यांनीच अर्ज लिहायला शिकवला तिच्याकडून. मामांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. वकीलबाई त्यांच्याशेजारी पायरीवरच बसली. "काका, मला एक सांगा. आदेश नसताना कोणी दरवाजा उचलला तर काय होतं?"

"मेमो. चौकशी. सोडतो काय त्याला."

"आणि धरणात त्या वेळी पाणी किती होतं, ते रजिस्टरला बदलून लिहिता?"

"पातळी कशी बदलेल? होती ती होती."

"तसंच आहे हे. त्यांनी चुकीचं उचललं, त्याचा जाब त्यांना देऊ. पण बांधावर काय झालं, ती पातळी आहे. ती त्यांच्या चुकीनं पुसली जात नाही."

मामांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. मग म्हणाले, "हे लेखी द्या." आणि तिने दिलं, स्वतःच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट.

खरा पेच पुढे आला. अटक नियम सोडून झाली हे ठासून मांडायचं तर पुरावा एकच होता आणि तो म्हणजे रजिस्टरमधली हवालदारांच्या अक्षरातली ओळ. पण पोलिसांनी आता मागली तारीख घालून केलेली हजर राहण्याची नोटीस दाखवायला सुरुवात केली होती, म्हणजे ती ओळ दिल्याशिवाय भागणार नव्हतं. आणि त्याच पानावर, चार बोटं वर, मामांच्या अक्षरात काठी ओढल्याची कबुली होती. वकीलबाईने सरळ सांगितलं. मोजणीदाराची लांब बदली झाली आहे, तो साक्षीला येईल की नाही शंका आहे. पान दिलं नाही तर आरोप सिद्ध करणं त्यांना जड जाईल आणि काका बहुतेक सुटतील. पान दिलं तर काकांनी आपल्या हाताने आपल्याविरुद्ध साक्ष दिली असं होईल. एकतीस वर्षांत ज्याला एक मेमो मिळाला नाही त्याच्या नावावर गुन्हा लागेल.

तेव्हा मी एक उपाय सुचवला. आजही तो आठवला की कानशिलं गरम होतात. मी म्हणालो, "मामा, खालच्या अर्ध्या पानाची झेरॉक्स काढू. वरचा भाग कशाला दाखवायचा?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "अर्धं पान चालणार नाय, जावईबापू."

"अवो, पण तुमचंच नुकसान हाय त्यात," मामी आतून म्हणाली. "पान नका देऊ ना मग. गप ऱ्हा. सुटताय तर सुटा."

"आणि ते जे कागदाशिवाय उचलायला आले, ते?"

"जाऊ द्या. एक रात तर काढलीत."

"मी काढली. माझ्याकडं रजिस्टर होतं, वकील होती, वाशिंदचा जावई होता." मामांनी बांधापलीकडे वरच्या पाड्याकडे हात केला. "उद्या त्यांतल्या कोणाला पानावरनं उठवलं, तर त्याच्याकडं काय हाय गो? तो काय दावील?"

मामी बाहेर आली. तिने पदराला हात पुसले, खुंटीवरची कापडी पिशवी काढली, रजिस्टर तिच्यात घातलं आणि पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. इतक्या वर्षांत चिठ्ठी न लिहिता तिने त्यांना दिलेला तो पहिला हुकूम असावा, आणि मामांनी तो पाळला.

पुढे तीन वर्षं ती पिशवी कोर्टाच्या प्रत्येक तारखेला त्यांच्या मांडीवर असायची. तारीख पडली की मामा शिरस्तेदारांकडून ती लेखी मागायचे, आणि शिरस्तेदार बोर्डाकडे बोट दाखवायचे, आणि मामा बोर्डावरून उतरवून घेऊन त्यांना वाचून दाखवायचे. मी जमेल तेव्हा रजा टाकून जायचो. बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते विचारत, "तुमाला नेलं तेव्हा कागद दिला का? कारण लिहून दिलं का?" आणि तो काय सांगेल ते ऐकून घेत. एकदा एकाने विचारलं, "तुमी वकील का?" मामा म्हणाले, "नाय. आरोपी." इतक्या रुबाबात मी तो शब्द पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

पान अख्खंच्या अख्खं दाखल झालं. सरकारी वकिलांनी वरचा भाग मोठ्याने वाचला आणि आमच्या वकीलबाईने खालचा. मोजणीदार आला, एवढ्या लांबून. त्याने काठी ओढल्याचं सांगितलं, पडल्याचं सांगितलं आणि सांगून झाल्यावर आपणहून जोडलं, "हळद पण लावली होती, साहेब." न्यायाधीशांनी मामांना विचारलं, हे अक्षर तुमचं का? मामा म्हणाले, "वरचं माझं, खालचं हवालदारसायबांचं. दोनी खरं आहे."

शेवटी मामांच्या हाती दोन कागद आले. एकात लिहिलं होतं की आरोपीस नोटीस व लेखी कारणं न देता अटक केली, ती कायद्याला धरून नव्हती, संबंधितांकडून खुलासा घ्यावा. दुसऱ्यात लिहिलं होतं की आरोप सिद्ध होतो, परंतु वय आणि वर्तन पाहता आरोपीस समज देऊन सोडण्यात येत आहे. मी चरफडत होतो. खोटं बोलणारी माणसं रोज डोळ्यांदेखत सुटून जातात आणि हा माणूस स्वतःच्या अक्षरापायी दोषी ठरला, याचा मला मनापासून संताप आला होता. मामांनी दोन्ही कागद दोनदा वाचले, शिक्के तपासले, नकला मागितल्या. मग बाहेर बाकावर बसून चष्मा पुसत म्हणाले, "पहिला मेमो." वकीलबाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. घरी आल्यावर त्यांनी दोन्ही निकाल समोरासमोरच्या पानांवर चिकटवले, एक इकडे, एक तिकडे.

बांधावरची वाट राहिली, ती मोजणीमुळे की वादामुळे कुणास ठाऊक. खुणा हातभर पलीकडे सरकल्या आणि बायका अजून तिथूनच विहिरीवर जातात. वर्षभराने पाड्यातल्या एकाच्या दारी कुठल्याशा मारामारीवरून पोलीस गेले ते नोटीस घेऊन गेले. तो माणूस ती नोटीस घेऊन धावत मामांकडे आला. मामांनी ती उजेडात धरून वाचली, तारीख पाहिली, सही पाहिली, आणि म्हणाले, "बरोबर आहे. खाडाखोड नाय. सांगितलेल्या टायमाला जा, आणि काय झालं असेल ते खरं सांग." त्या दिवशीच्या नोंदीत हवेच्या रकान्यात त्यांनी 'उत्तम' लिहिलं आहे. मामी म्हणते त्या दिवशी उकाडा होता.

यंदा मात्र मामा थकले. दम लागतो, गच्चीवर चढवत नाही, टाकीची पातळी मामी बघून सांगते आणि ते लिहितात, कंसात 'तोंडी' असं टाकून. मागच्या महिन्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. "येऊन जा रविवारी. शेंगा आल्यात." आमच्या इतक्या वर्षांच्या नात्यात मला आलेलं त्यांचं हे पहिलं तोंडी बोलावणं. मी चेष्टेत म्हटलं, "लेखी पाठवा की मामा." पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "पोस्टाला उशीर होतो हो."

रविवारी आसनगावला उतरून रिक्षा मिळेपर्यंत बराच वेळ गेला. पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मामा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, मांडीवर रजिस्टर उघडं, पेन बोटांत तसंच. मी सही करायला वाकलो, तर नोंद आधीच केलेली होती. अक्षर थरथरतं, रेघ सोडून खाली उतरलेलं. "१०.१५. जावई आले. कारण : सहज. बरं वाटलं."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मामीकडे बघितलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. मी खाली गुपचूप सही केली. ज्या माणसाने गुन्हा पदरी घेतला पण पान बदललं नाही, त्याने आयुष्यात एकच नोंद घडण्याआधी केली, आणि ती माझ्या नावाची आहे.